रातकिड्यांच्या हंगामातलं रेकॉर्डिंग

दिवाळी अंकांच्या श्राव्य आवृत्त्यांचं काम भाद्रपदात येतं. लेखक गणपतीच्या तोंडावर मजकूर देतात, संपादक त्यावरून हात फिरवतात, आणि वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्याच्या वाट्याला उरलेले थोडे आठवडे येतात. कोकणात नेमके हेच आठवडे रातकिड्यांचे. पाऊस ओसरलेला असतो, गडग्यावर गवत माजलेलं असतं, हवेत उष्मा दाटलेला असतो आणि पावसाळाभर वाढलेली पिल्लं पंख फुटून गायला लागलेली असतात. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात तिन्हीसांजेला दिवा लावायच्या सुमारास एक सुरू होतो, आणि जेवणं होईस्तोवर परसू, वई, मांगर, पोफळीची बाग सगळीकडून एकच किर्र उठते.

गावात राहणाऱ्याला ती ऐकूही येत नाही. माइकला मात्र येते.

रातकिड्याचा सूर साधारण ४ ते ५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो, आणि माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे आवाज बारीक असला तरी तो थेट आपल्या कानाच्या दुखऱ्या जागी येऊन बसतो. आमच्याकडे समुद्राची गाजही आहे, पण तिचा मला कधी जाच झाला नाही. लांबून येणारी गाज बहुतेक खालच्या पट्टीत असते. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकलं की तिचा जोर कमी होतो आणि वाचणाऱ्याच्या आवाजाला धक्का लागत नाही. रातकिडा बसतो तो माणसाच्या उच्चारांच्या ऐन मधोमध. ऑडिबल या श्राव्य पुस्तकांच्या कंपनीच्या एसीएक्स मंचाची अट अशी की वाचक गप्प असतानाचा पार्श्वभूमीचा आवाज उणे ६० डेसिबलच्या वर जाता कामा नये (शून्य म्हणजे फाइलमध्ये मावणारा सर्वांत मोठा आवाज). इतर ठिकाणीही मागणी थोडीफार तशीच. आश्विनातल्या रात्री उघड्या पडवीत बसून ही अट पाळणं अशक्य आहे.

म्हणून स्टुडिओ घराच्या पोटात केला, बाळंतिणीच्या खोलीत. जुन्या कोकणी घरांत माजघराला लागून ही खोली असते. खिडकी नाही, असलाच तर हातभर झरोका, चारी बाजूंनी जांभ्याच्या जाड भिंती, वर माळा. घरातल्या कितीतरी पोरांनी पहिला टाहो तिथेच फोडला. वारा आणि थंडी आत येऊ नये म्हणून बांधलेली खोली आवाजालाही बऱ्यापैकी अडवते, कारण आवाज अडवायला लागतं ते वजन. भिंतीचं वजन दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल जास्त अडतात, आणि जितका वरचा सूर तितका तो भिंतीला लवकर हरतो. जांभा सच्छिद्र असतो खरा, पण दोन्ही बाजूंनी गिलावा केला की ती भोकं बुजतात. भिंतीतून रातकिडा येत नाही, हे मी छातीठोक सांगू शकतो.

तो येतो फटीतून. आणि कोकणातलं घर म्हणजे फटींचं घर. कौलारू छपराचा श्वासच त्या फटींवर चालतो. भिंत आणि वासे यांच्यामधली जागा, कौलांच्या सांध्यांतली मोकळीक, दाराच्या उंबऱ्यावरची बोटभर पोकळी. हिशेब कठोर आहे: शंभर भाग भिंतीत एक भाग उघडा राहिला, तर बाकीचे नव्याण्णव भाग कितीही भक्कम असोत, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या फारशी पुढे जात नाही. भिंत जाड करत बसण्यात अर्थ नसतो तो यामुळे. फट शोधायची सोपी रीत आहे. रात्री खोलीत मोठा दिवा लावायचा, दार ओढून घ्यायचं, घरातले बाकीचे दिवे मालवायचे आणि बाहेरून चारी बाजूंनी आणि माळ्यावरून बघत फिरायचं. जिथून उजेडाची रेघ दिसते तिथून आवाज जातो-येतो. माझ्या खोलीला सर्वांत मोठी रेघ वरून होती. माळ्याच्या फळ्या वाळून एकमेकींपासून सुटल्या होत्या. त्यांच्याखाली पक्की तक्तपोशी ठोकली आणि वर जुन्या गाद्यांमधला कापूस पसरला; मग आत बसल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या श्वासाचा आवाज आला. दाराला रबराची पट्टी, उंबऱ्याला खालून जाड कापडाची गुंडाळी, झरोक्याला लाकडी झाकण आणि त्यावर गोधडी.

इथे फोमबद्दल सांगायला हवं, कारण घरी स्टुडिओ करू पाहणारी तरुण मुलं आधी तोच विचारतात. भिंतीला चिकटवायचे ते काळे खाचांचे फोम बाहेरचा आवाज अडवत नाहीत. त्यांना वजनच नाही. ते आतल्या आवाजाचा घुमारा कमी करतात, बस्स. आणि ते काम वाकळ, गोधडी, दोरीवर टाकलेली जाड रजई जवळजवळ तितकंच चांगलं करते. ज्या मुलाकडे पैसे कमी आहेत त्याने ते फोमवर घालू नयेत, सुताराला द्यावेत.

बंद केलेल्या खोलीचा मोबदला उकाड्यात द्यावा लागतो. पंखा लावता येत नाही, आश्विनातली दमट हवा हलत नाही, कपाळावरून घाम कागदावर टपकतो. थोडं वाचायचं, दार उघडायचं, पाणी प्यायचं, परत बसायचं. कंडेन्सर माइकलाही ही हवा मानवत नाही, दमटपणात तो कुरकुरतो, तडतडतो. काम संपलं की माइक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात जातो. सिलिका जेलचे दाणे मी सोलकढीच्या आगळाइतके जपतो.

एवढं सगळं करूनही एखाद्या रात्री रातकिडा खोलीच्या आतच असतो. एकच. टेबलाखाली, भिंतीच्या कोनात, तारांच्या गुंत्यात. तो सापडत नाही, आणि त्याला कारण आहे. आवाज कुठून येतो हे कान दोन रीतींनी ओळखतो. खालच्या सुरांत, कुठल्या कानाला आधी पोचला त्यावरून. वरच्या सुरांत, कुठल्या कानाला मोठा लागला त्यावरून. ४-५ किलोहर्ट्झच्या पट्टीत पहिली रीत संपलेली असते आणि दुसरीने पुरता जोर धरलेला नसतो. त्यात सूर अगदी निखळ, एकाच पट्टीचा, आणि चार भिंतींवर आपटून परत येणारा. उजवीकडे वळावं तर तो डावीकडून वाजतो. पाऊल टाकलं की गप्प, कारण त्याच्या शेपटाकडच्या दोन काट्यांवर बारीक लव असते आणि तिला हवेची किंचित झुळूकही कळते.

अशा वेळी कानापेक्षा माइक कामाला येतो. सुपरकार्डिऑइड माइकला दोन बहिऱ्या बाजू असतात, समोरून मोजलं तर साधारण १२६ अंशांवर, दोन्हीकडे. हेडफोन लावायचा, जमिनीवर स्वस्थ बसायचं आणि माइक हातात धरून हळूहळू फिरवायचा. आवाज जिथे सर्वांत खाली जातो ती बहिरी बाजू त्याच्याकडे आहे. मग जागा बदलून पुन्हा तेच. दोन रेघा जिथे छेदतात तिथे बॅटरी मारायची. पेला उपडा घालायचा, खालून पोस्टकार्ड सरकवायचं आणि त्याला परसाच्या टोकाला गडग्यावर सोडून यायचं.

फवारा मी मारत नाही. लहान बंद खोलीत त्या वासात बसून वाचायचं, हे घशाला आणि फुप्फुसाला परवडणारं नाही. आणि ज्याला मारायचं तो एक. बाहेरचे शेकडो तसेच. त्यापेक्षा त्यांची वस्ती भिंतीपासून दूर नेणं खरं. स्टुडिओच्या मागच्या भिंतीला टेकून चुडतांची रास होती, नारळाची सोडणं होती, सरपण होतं, पातेरा साठला होता. अंधार, ओल आणि आडोसा, रातकिड्याला हवं ते सगळं तिथे मांडून ठेवलेलं. ते सगळं मांगराच्या पलीकडे हलवलं. न्हाणीघराचं पाणी भिंतीलगत मुरत होतं, त्याला पन्हळ करून पोफळींकडे वळवलं. मागच्या दारावरची पांढरी ट्यूब काढून पिवळा दिवा लावला. पिवळ्या उजेडाकडे किडे कमी ओढले जातात. एवढ्याने भिंतीपलीकडचा कल्लोळ जाणवण्याइतका लांब गेला.

शिवाय त्याला ओळखू लागल्यावर मारावंसं वाटत नाही. गातो तो फक्त नर. पुढच्या पंखांपैकी एकाच्या खालच्या अंगाला दातऱ्यांची ओळ असते आणि दुसऱ्याच्या कडेला खरवडणी. पंख मिटताना ती दातऱ्यांवरून घासत जाते आणि पंखाचा पातळ पडदा झणकारतो. मादीचे कान तिच्या पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात. झाडावर राहणारा ओइकॅन्थस हेन्री नावाचा एक फिकट हिरवा रातकिडा आपल्या देशात आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आहे. याचे काही नर पानाला मधोमध भोक पाडतात, त्यात उभे राहतात आणि पंख पानाच्या पातळीत पसरून गातात. का, तर पंखाच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात, आणि मध्ये पान आडवं आलं की त्या भेटत नाहीत. आवाज मोठा होतो. आपण स्पीकरचा कोन पेटीत बसवतो तोही याच कारणासाठी. एवढं वाचल्यानंतर मी एका रात्री तासभर भेंडीच्या पानांवर बॅटरी मारत बसलो होतो. भोकात उभा असलेला एकही दिसला नाही, तरी त्या तासाचं मला वाईट वाटत नाही.

वर्षाचं वेळापत्रक मी आता किड्यांकडे बघून लावतो. चैत्र-वैशाखात भर दुपारी काजूच्या आणि आंब्याच्या बागांमधून सिकाडा कोकलतात. त्यांची तऱ्हा वेगळी, पंखांची घासाघीस नाही. पोटाच्या बाजूंना ताणलेले पडदे असतात आणि स्नायूंनी ते आत-बाहेर टपटपवले जातात. काही जातींचा आवाज अगदी जवळून १०० डेसिबलच्या पुढे जातो. त्या दिवसांत माझं वाचन पहाटे. ज्येष्ठ-आषाढात किड्यांचा प्रश्नच नसतो, कौलांवर पाऊस कोसळत असतो आणि खाचरांत बेडूक असतात. तेव्हा फक्त संपादन करायचं. श्रावणापासून कार्तिकापर्यंत दुपारी दोन ते चार. आणि पौष-माघ हे सुगीचे महिने. रातकिडा थंड रक्ताचा प्राणी, गारठा पडला की त्याचा गळा मंदावतो. मोठी पुस्तकं मी जानेवारीसाठी राखून ठेवतो, आणि प्रकाशकांना तसं आधीच सांगतो. काहींना ते पटतं, काहींना नाही.

ज्यांना पटत नाही ते म्हणतात, सॉफ्टवेअर आहे की. आहे. स्टीव्हन बोल यांनी १९७९ साली मांडलेली, आवाजाच्या वर्णपटातून (म्हणजे खालच्या-वरच्या सुरांच्या पट्ट्यांमधून) गोंगाट वजा करण्याची रीत आज ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरपर्यंत पोचली आहे. नुसत्या गोंगाटाचा एक तुकडा निवडून दाखवायचा, यंत्र त्याचा साचा घेतं आणि सगळ्या फाइलमधून तेवढं काढतं. पण ही रीत एकसारख्या चालणाऱ्या गोंगाटासाठी आहे, पंख्यासाठी, फ्रिजसाठी. रातकिडा थांबतो, पुन्हा सुरू होतो, तिन्ही-चारी ठोके एका झटक्यात देतो. यंत्राचा हात चालतो तो मग माणसाच्या आवाजावर. मागे पाण्याखालून आल्यासारखी एक किणकिण उरते, आणि उच्चार बोथट होतात.

मराठीत हे फार महाग पडतं. ‘चार बैलांना चारा घाला’ या वाक्यात च दोनदा येतो आणि दोन्ही वेळा वेगळा असतो. चारमधला च तालव्य, त्याची फुसफुस साधारण अडीच-तीन किलोहर्ट्झपासून वर पसरते. चाऱ्यातला दंत्य, त्याचा जोर त्याहून वर, पाचच्या आसपास आणि पुढे. रातकिडा या दोघांच्या शिवेवर बसलेला. त्याला उपटायला गेलं की शीव पुसली जाते. ‘जग जगायला शिकवतं’ हे वाक्य असं धुतलं की दोन्ही ज एकसारखे ऐकू येतात. लिपीत हा फरक दिसत नाही. तो फक्त बोलणाऱ्याच्या तोंडात आणि ऐकणाऱ्याच्या कानात आहे. पुस्तक वाचून ऐकवणाऱ्याने तोच गमावला तर त्याने वाचलं तरी काय? एखादा ठोका वर्णपटाच्या चित्रात हाताने पुसणं वेगळं, तेही दोन शब्दांच्या मधल्या जागेत. शब्दावर मी यंत्र चालवत नाही. त्यापेक्षा माइक वीतभर अंतरावर घेतो. अंतर निम्मं केलं की आपला आवाज ६ डेसिबलने वर येतो आणि किडा आहे तिथेच राहतो. कुठल्याही सॉफ्टवेअरने मला एवढं स्वच्छ काही दिलेलं नाही.

हे झालं पुस्तकांचं. पुस्तकातली नायिका नागपुरात किंवा लंडनमध्ये असते, तिच्या घरात वेंगुर्ल्याचा रातकिडा नको. दुसरं एक रेकॉर्डिंग मी करतो, त्याला पैसे नसतात. गावातल्या म्हाताऱ्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉयतवँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्या वाचताना, ऐकताना मला कळलं की आमच्या वाडीतल्या ओव्या अजून कुणाच्या माइकपर्यंत पोचलेल्या नाहीत.

वाडीतल्या एका काकींकडे जातं अजून पडवीत आहे. त्यांना बाळंतिणीच्या खोलीत आणून बसवणं मला योग्य वाटलं नाही. जातं तिथे, त्या तिथे, ओवी तिथे. कार्तिकात दिवेलागणीनंतर त्यांच्या पडवीत गेलो. मूठभर तांदूळ जात्यात घातले आणि त्या गाऊ लागल्या. जात्याची घरघर खाली, त्यांचा आवाज मध्ये, आणि वर रातकिडे. गाऊन झाल्यावर चहा पिताना त्या सहज म्हणाल्या, “हल्ली रातकिडे ओरडनत नाय रे तितके.”

मी त्यांच्या खळ्याकडे बघत होतो. तिथून किर्र नुसती उसळत होती. वय वाढतं तसे वरचे सूर कानातून आधी जातात, हे मला माहीत होतं, पण असं समोर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. काही बोललो नाही. हेडफोन त्यांच्या डोक्यावर ठेवला, आवाज नेहमीपेक्षा बराच वर नेला आणि त्यांचीच ओवी लावली. पहिल्यांदा त्या स्वतःच्या आवाजाला लाजल्या. मग भुवया आक्रसल्या. “ह्या किर्र किर्र कसला रे झिला?”

“रातकिडे, काकी.”

“म्हणजे आसत ते अजून.” आणि त्यांनी हेडफोन काढला नाही. ओव्या संपल्यावरही शेवटचा जो रिकामा तुकडा मी सवयीने घेऊन ठेवतो, ज्यात फक्त जागेचा आवाज असतो, तो त्यांनी पुन्हा लावायला सांगितला.

त्या फाइलवरचा रातकिडा मी काढणार नाही हे तिथेच ठरलं. काकींची लेक डोंबिवलीला असते. तिला दोन्ही प्रती पाठवल्या, एक मूळ आणि एक बरीचशी निवळलेली. तिने निवळलेली ठेवली. लोकलमध्ये, फोनवर, गर्दीत ती आईला ऐकते. तिला आईचा आवाज हवा आहे आणि तो स्पष्ट हवा आहे. तिचं बरोबर आहे. साफ केलेली प्रत कितीदाही करता येते, मूळ हाताशी असेल तर. ध्वनिसंग्रहांचे जाणते लोकही हेच सांगतात की मूळ ध्वनी जसा आला तसाच जपावा, किमान २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेत, जमल्यास ९६ वर. ९६ किलोहर्ट्झवर घेतलं की ४८ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर उतरू शकतात, आणि गवतातल्या काही किड्यांचं गाणं माणसाच्या कानापलीकडे, तिथवर जातं. माझा माइक तितक्या वर किती खरा आहे ही गोष्ट वेगळी, पण जेवढं येईल तेवढं येऊ द्यावं.

प्रत्येक मूळ फाइलसोबत मी आता एक टिपण ठेवतो: तारीख, तिथी, वाडी, जागा, पाऊस होता की नाही आणि तापमान. तापमान अशासाठी की किड्याच्या ठोक्यांचा वेग त्याच्याशी बांधलेला असतो. एमॉस डॉलबेअर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ साली ठोके मोजून तापमान काढायचं सूत्रच प्रसिद्ध केलं होतं. ते तिथल्या किड्याचं, आमच्याकडे जसंच्या तसं लागू होणार नाही. पण उद्या कुणी अभ्यासू मुलगी आमच्या वाडीतले किडे मोजायला बसली, तर काकींच्या ओव्यांच्या मागे तिला एका कार्तिकाची पूर्ण रात्र मिळेल, तापमानासकट.

यंदा डबलबारीवाल्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात उतरणाऱ्या, एका भजनी मंडळाने विचारलं आहे. त्यांना खोलीत यायचं नाही, देवळासमोर बसूनच म्हणायचं आहे, आणि मलाही ते हवं आहे. टाळ-झांजा सुरू झाल्या की रातकिडे त्यांच्याखाली पुरते झाकले जातात; वर येतील ते दोन अभंगांच्या मधल्या जागेत, बुवा पान लावत असतील तेव्हा. त्या जागा मी कापणार नाही, हे मंडळाला आधीच सांगून ठेवलं आहे. फक्त पलीकडच्या बागेतला पाण्याचा पंप तेवढा वेळ बंद ठेवायला बागवाल्याशी बोलायचं राहिलंय.